स्वधर्मपालनार्थ : बऱ्हाणपूरच्या मशिदीतला एक संस्कृत लेख

बऱ्हाणपूरच्या गांधी चौकात उभे राहिले म्हणजे बाजाराच्या गजबजाटातून वर उठलेले जामा मशिदीचे दोन मिनार प्रथम नजरेत भरतात. आत गेल्यावर काळ्या दगडातल्या पंधरा कमानींची रांग दिसते आणि बाहेरचा गलबला एकदम मागे पडतो. पाहायला येणारी मंडळी कमानी पाहतात, नक्षी पाहतात आणि परततात. आतल्या भिंतीत अरबी लेखाच्या सोबतीने एक देवनागरी लेख कोरलेला आहे, त्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. भाषा संस्कृत. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन. मशिदीत संस्कृत लेख आहे असे सांगितले की ऐकणारा पहिल्यांदा आपल्याकडे संशयानेच पाहतो. मग लगेच विचारतो, ‘म्हणजे तिथे आधी देऊळ होते काय?’

या प्रश्नाचे उत्तर लेखच देतो. हा दगड कुठल्या पडक्या देवळातून आणून बसवलेला नाही. मशीद बांधणाऱ्या राजाने ती बांधताना, तिच्यासाठीच हा लेख करवून घेतला. तेव्हा विचारायचे ते निराळेच आहे. ज्या भाषेतून आपली नमाज होत नाही आणि ज्या परंपरेचे देव आपण मानत नाही, त्या भाषेला एका मुसलमान राजाने आपल्या प्रार्थनास्थळाच्या भिंतीवर जागा का दिली असेल? आणि ती जागा देताना त्याने नेमके काय म्हटले?

राजाची ओळख आधी करून घेऊ. आपल्या मुलखाचे खानदेश हे नाव ज्या ‘खानां’वरून पडले असे मानतात, ते हे फारुकी घराणे. १३८२च्या सुमारास मलिक राजाने त्याचा पाया घातला. त्याचा मुलगा नसीरखान याने तापीच्या काठी नवे नगर वसवले आणि सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. हे संत खुलदाबादला चिरविश्रांती घेत आहेत. पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद हे त्यांच्या परंपरेतल्या शेख जैनुद्दिनांच्या नावाचे. या घराण्याचा राजा अलीखान, राजपदाचे नाव आदिलशाह, १५७६ ते १५९७ असा गादीवर होता. एका बाजूला अकबर आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेतल्या शाह्या, अशा कात्रीत सापडलेले त्याचे लहान राज्य. अकबराने १५९१ साली आपला कवी फैजी याला वकील म्हणून त्याच्याकडे धाडले होते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेणारा तो हाच फैजी. शेवटी १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात आष्टीजवळ मोगलांच्या बाजूने लढताना राजा अलीखान कामी आला. चार वर्षांत राज्यही गेले. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्या विजयाचा लेख याच मशिदीत कोरला गेला.

मशिदीच्या अरबी लेखात हिजरी ९९७ हे साल आहे. संस्कृत लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात रायबहादुर हिरालाल यांनी प्रसिद्ध केला, त्यालाही आता शंभर वर्षे होऊन गेली. लेख लहानसाच आहे. पण तो सावकाश वाचावा.

आरंभीच्या श्लोकात ईश्वराचे वर्णन आहे. तो दिसत नाही, सर्वत्र भरलेला आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे आणि जे दिसते त्याचे कारण आहे. यात देवाचे नाव म्हणून राम नाही, शिव नाही आणि अल्लाही नाही. उपनिषदे वाचलेल्याला हे शब्द घरचे वाटतील. निराकार एकाच ईश्वराला मानणाऱ्या मुसलमानालाही त्यातले बहुतेक शब्द परके वाटायचे कारण नाही. यानंतर चंद्रसूर्य आणि तारे आहेत तोवर फारुकी वंश नांदो, असा आशीर्वाद येतो. हा तर आपल्याकडच्या दानपत्रांतला नेहमीचा संकेत. पुढे वंशावळ. कैसरखान इथे ‘केसरखान’ होतो आणि आदिलशाहाचा ‘एदलशाह’. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद होते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या अजून तोंडात आहे. त्या नावातला एदल तो हाच शब्द. लोकांच्या जिभेवर अरबी नावाचे जे रूप होते, तेच लेख रचणाऱ्याने संस्कृतात बसवले.

मग येतो काळाचा उल्लेख, आणि तो पाहून पंचांग जाणणाऱ्याने थक्क व्हावे. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी तेवीस घटका, नंतर एकादशी, सोमवार, कृत्तिका आणि पुढे रोहिणी, योग, करण, रात्रीच्या अकरा घटका गेल्यावरची वेळ आणि कन्या लग्न. इंग्रजी गणनेने हा १५९०च्या जानेवारीतला सोमवार येतो. विक्रम संवत उत्तरेचा आणि शक आपल्या दक्षिणेचा. संवत्सराचे नावही दक्षिणेच्या गणनेप्रमाणे आहे. ज्या गावातून उत्तर आणि दक्षिण एकमेकींकडे जातात, त्या गावाने दोन्ही कालगणना लिहिल्या आणि शेजारी अरबीत हिजरी सन ठेवला. मशिदीसाठी कोणी लग्न आणि घटका पाहिल्या, ही गोष्टच मुळी विचार करायला लावणारी आहे.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. मुबारकशाहाचा पुत्र एदलशाह राजा याने ही ‘मसीति’ बांधली, आणि कशासाठी, तर ‘स्वधर्मपालनार्थ’.

माझ्या मते सगळ्या लेखाचे मर्म या एका शब्दात आहे. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या घरांत स्वधर्म हा शब्द नवा नाही. गीतेत त्याचा अर्थ निराळा, आपल्या वाट्याला आलेले कर्तव्य असा. इथे लेख रचणाऱ्याने तो शब्द एका मुसलमान राजाच्या मशीद बांधण्याला लावला आहे. त्या काळच्या संस्कृतात परधर्मीयांसाठी हलक्या शब्दांची वाण नव्हती. त्यांपैकी एकही इथे नाही. या राजालाही एक धर्म आहे, तो त्याचा ‘स्व’धर्म आहे आणि तो त्याने पाळणे योग्य आहे, एवढे तो शब्द मान्य करतो. राजाच्या बाजूने पाहिले तर तोही काही लपवत नाही. तुमचा आणि माझा धर्म एकच आहे असे तो म्हणत नाही. आपण हिंदू देवांना भजतो असा आव आणत नाही. ही मशीद आहे, ती मी माझ्या धर्मासाठी बांधली, हे तो तुमच्या भाषेत, तुमच्या पंचांगाने आणि तुमच्या आशीर्वादाच्या रीतीने तुम्हांला सांगतो.

आपल्याकडे सर्वधर्मसमभाव या शब्दाचा पुष्कळदा सोपा अर्थ केला जातो. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, मार्ग निराळे आणि मुक्काम एक, असे म्हटले की आपले काम झाले. ज्याची तशी श्रद्धा असेल त्याने ते खुशाल म्हणावे. पण ज्याची नसेल त्याचे काय? पुनर्जन्म मानणारा आणि न मानणारा, मूर्ती पुजणारा आणि मूर्तिपूजा पाप मानणारा, हे दोघे एकच सांगतात असे म्हणणे म्हणजे दोघांचेही नीट ऐकून न घेणे होय. खरा कस लागतो तो इथे. मला तुमचे पटत नाही, पटणारही नाही, आणि तरीही तुमच्या श्रद्धेला माझ्या वागण्यात आणि बोलण्यात मानाची जागा आहे. हा आदर एकरूपतेवर टेकलेला नाही, म्हणूनच तो टिकाऊ. बऱ्हाणपूरचा लेख मला या प्रकारच्या आदराचा दाखला वाटतो.

आता यावर एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. हे सारे राजकारण नव्हते कशावरून? प्रजा बहुसंख्य हिंदू, व्यापारी आणि कारभारी हिंदू, वर अकबराच्या दरबाराचे वारे. संस्कृतात चार ओळी कोरून राजाने सगळ्यांना खूश केले, इतकेच.

हा आक्षेप किती खरा असू शकतो हे पाहायला गुजरातेत वेरावळला जावे. १२६४ साली होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखुद्याने सोमनाथाच्या गावात मशीद बांधली. गावातल्या प्रतिष्ठितांच्या संमतीने जागा मिळाली आणि लेख दोन भाषांत झाला. संस्कृत लेखात ईश्वराला विश्वनाथ म्हटले आहे, पैगंबराला ‘बोधक’ म्हटले आहे आणि चार कालगणना दिल्या आहेत. सलोख्याचा याहून सुंदर दाखला मिळणे कठीण. परंतु त्याच प्रसंगाच्या अरबी लेखात, हे नगर इस्लामचे व्हावे आणि इथून मूर्ती नाहीशा व्हाव्यात, अशी इच्छा प्रकट केली आहे. शेजाऱ्याला वाचता येणाऱ्या भाषेत एक आणि घरच्या भाषेत दुसरे!

हे वाचून मन खट्टू होते. पण इतिहास वाचणाऱ्याने खट्टू होऊन थांबू नये. नाखुद्याच्या मनात काहीही असो, मशीद उभी राहिली ती शेजाऱ्यांच्या संमतीने, आणि ते शेजारी सोमनाथाचे भक्त होते. ज्याची श्रद्धा आपल्याला मान्य नाही त्याला आपल्या दैवताच्या गावात जागा देणारे ते लोक होते. त्यांचा आदर तर राजकारणाने झाकोळलेला म्हणता येत नाही. आणि राजा अलीखानाविषयी म्हणायचे तर, माणसाच्या काळजात उतरून पाहण्याची सोय इतिहासात नाही. दगडावर कोरलेले तेवढे आपल्या हाती राहते. राजकारणासाठी का होईना, जे चारचौघांत कोरले जाते ते कोरणाऱ्याला बांधून घेते. आदर पुष्कळदा रीतीतून सुरू होतो आणि कालांतराने अंगवळणी पडतो. घराघरांतही आपण मुलांना आधी नमस्कार करायला शिकवतो. भाव मागाहून येतो, कधी येतही नाही. पण नमस्कारामुळे भांडण तेवढे टळते.

राजा अलीखान गादीवर होता त्याच काळात पैठणला एकनाथ महाराज होते. १५९९ साली त्यांनी देह ठेवला. त्यांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड आपल्या परिचयाचे आहे. त्यात गुळमुळीत गोडवा नाही. दोघे एकमेकांच्या देवांवर, आचारांवर आणि कथांवर तुटून पडतात, वर्मी लागेल असे बोलतात. इतके सगळे बोलून झाल्यावर ते एकमेकांना भेटतात. मनातले बोलून घेतल्याशिवाय झालेली भेट नाथांना पुरेशी वाटली नसावी.

मग उलट दिशेनेही कधी कोणी हा पूल ओलांडला काय? औरंगजेबाने १६७९ साली जिझिया पुन्हा लादला. तेव्हा त्याला फारसीत लिहिलेले, शिवाजी महाराजांचे म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यातला युक्तिवाद पाहावा. कुराणात ईश्वराला सर्व जगांचा पालक म्हटले आहे, केवळ मुसलमानांचा पालक म्हटलेले नाही, असे पत्र बादशहाला सांगते. मशिदीत बांग होते ती त्याच्यासाठी आणि देवळात घंटा वाजते तीही त्याच्याचसाठी. इथे हिंदू राजा कुराणाच्या आधाराने बोलतो, जसा मुसलमान राजा बऱ्हाणपुरात संस्कृताच्या आधाराने बोलला. दोघांनीही दुसऱ्याचा धर्म स्वीकारला नाही. दोघांनीही दुसऱ्याचे शब्द समजून घेण्याचे कष्ट मात्र घेतले.

महाराजांच्या वर्तनाचा पुरावा देणारा खाफीखान हा तर त्यांचा निंदक. महाराजांविषयी तो अपशब्दांवाचून लिहीत नाही. तरी त्याने नोंदवून ठेवले आहे की लुटीच्या वेळी मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा सक्त नियम होता आणि कुराणाची प्रत हाती आली तर ती मानाने आपल्या मुसलमान चाकराच्या हवाली केली जाई. या नोंदीमुळे आपण महाराजांना वंदन करतो ते योग्यच. पण ज्याला आपण शत्रू मानतो त्याचे खरे ते लिहून ठेवणाऱ्या लेखणीलाही थोडा मान द्यावा.

आणि खरे ते लिहायचे ठरले तर आपल्या बाजूचेही लिहिले पाहिजे. १६८१च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे धनाढ्य उपनगर लुटले. आपल्या पुस्तकांत ही पराक्रमाची गोष्ट आहे आणि युद्धाच्या हिशेबाने ती तशी आहेही. त्याच प्रसंगानंतर शहरातल्या मौलवींनी आणि प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज केला की आमची अब्रू आणि मालमत्ता सुरक्षित नसेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करू. ज्या मशिदीच्या भिंतीवर संस्कृत लेख आहे, त्या शहराच्या तोंडचे हे शब्द. गावावर फौज आली की लुटले जाते ते घर असते. ते कोणत्या धर्माचे हे फौज मागाहून विचारते.

या शहरात श्रद्धेचे किती प्रवाह आले याची नुसती यादी केली तरी पान भरेल. फारुकींनंतर मोगल सुभ्याचा कारभार इथून पाहणारा अब्दुर्रहीम खानखाना मुसलमानच राहिला, पण त्याने रामायणाची चित्रमय फारसी प्रत करवून घेतली आणि त्याचे हिंदी दोहे आजही शाळकरी मुलांना पाठ असतात. नांदेडच्या वाटेवर १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा इथे मुक्काम झाला, त्याची आठवण बडी संगत गुरुद्वाऱ्यात आहे. बोहरा समाजाची दरगाह-ए-हकीमी इथलीच. या सर्वांत मला विशेष वाटते ते नागझिरी भागातले कबीर निर्णय मंदिर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूरणसाहेबांनी इथे बसून कबीरांच्या बीजकावर टीका लिहिली. त्यांच्या परंपरेचा भर ‘पारख’ या शब्दावर आहे. कोणतीही गोष्ट पारखून घ्या, ग्रंथ म्हणतो म्हणून नको, गुरू म्हणतो म्हणूनही नको. जगाचा कोणी निर्माता आहे हेदेखील ही परंपरा मानत नाही. म्हणजे मशिदीतल्या लेखाचा पहिला शब्दच तिला मान्य नाही! तरीही ही मंडळी याच गावात राहिली, आपले म्हणणे सांगत राहिली आणि गावाने त्यांना संत म्हटले. आदर म्हणजे तोंड मिटून बसणे नव्हे. पारख आणि आदर एका गावात राहू शकतात.

हे सगळे वाचून बऱ्हाणपूर म्हणजे सलोख्याचे नंदनवन, असे कोणी समजू नये. २००८ साली याच शहरात दंगल होऊन संचारबंदी लागली. दगडावरचा लेख दंगल थांबवत नाही. माणसे थांबवतात, किंवा थांबवत नाहीत.

पण याच जिल्ह्यातली दुसरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१७च्या जूनमध्ये क्रिकेटच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवले. त्यानंतर मोहद गावातल्या मुसलमान तरुणांवर, पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केला म्हणून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. पुढे ते कलम मागे घेऊन दुसरे लावले गेले. ज्याच्या नावावर फिर्याद होती त्या हिंदू शेजाऱ्यानेच, अशी तक्रार मी केलेली नाही, असे जाहीरपणे सांगितले. खटला सहा वर्षे चालला. आरोपींपैकी एकजण त्या काळात जगातून गेला. २०२३ साली उरलेले सगळे निर्दोष सुटले, कारण फिर्यादी आणि गावातले साक्षीदार, असे काही घडलेच नाही, या आपल्या शब्दावर ठाम राहिले.

या साक्षीदारांना इस्लामची तत्त्वे पटली होती काय? त्याचा काही संबंधच नव्हता. त्यांना आपल्या शेजाऱ्याविषयी खोटे बोलायचे नव्हते. परधर्माचा आदर शेवटी इतक्या साध्या ठिकाणी येऊन पोचतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी आणि त्याच्याविषयी खोटे न बोलणे, कोणी बोलायला लावले तरी न बोलणे. खाफीखानाने लेखणीने जे केले तेच मोहदच्या साक्षीदारांनी जबानीने केले.

या दिवाळीत कोणाचे बऱ्हाणपूरला जाणे झाले तर मावा जिलेबी घ्यावी, कुंडी भंडारा पाहावा आणि घटकाभर जामा मशिदीतही जावे. पादत्राणे बाहेर ठेवावीत, नमाजाची वेळ टाळावी आणि आत असलेल्या माणसाला तो लेख कुठे आहे हे अदबीने विचारावे. नीट पाहिले तर अक्षरे लागतात. त्यात ‘स्वधर्म’ हा शब्द सापडला की क्षणभर थांबावे. तो शब्द आपला आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ तो दुसऱ्याच्या घरात जपून ठेवलेला आहे.